अर्ध्या शटरचा बुधवार

बाजाराच्या त्या गल्लीत चष्म्याची दुकानं बरीच होती, पण नाकावरून घसरणारा चष्मा घेऊन लोक यायचे ते ताईंकडे. ताई काही दुकानाच्या मालकीण नव्हत्या. मालक गल्ल्यावर बसत, डॉक्टर आठवड्यातून काही दिवस मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासत, आणि या दोघांच्या मधलं जे काही असेल ते सगळं ताई करत. विशीत असताना काचा पुसायला म्हणून त्या इथे लागल्या आणि म्हाताऱ्या मालकांच्या, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांच्या, हाताखाली बघता बघता फ्रेम बसवायला शिकल्या.

फ्रेम बसवणं ऐकायला सोपं वाटतं. पण कुणाचेच दोन कान नेमके एका उंचीवर नसतात, नाकही बहुतेकांचं एका बाजूला कललेलं असतं, आणि फ्रेम मात्र कारखान्यातून अगदी सरळ येते. मग ती तापलेल्या वाळूच्या पेटीत धरायची, मऊ झाली की दांडी अंगठ्याने जराशी वाकवायची, आणि गिऱ्हाइकाच्या कानामागून बोट फिरवून कुठे टोचतंय ते बघायचं. "माणूस वाकडा आणि फ्रेम सरळ, आता वाकवणार कुणाला?" असं म्हातारे मालक म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे. ताईंना स्वतःला चष्मा नव्हता. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, ताई चष्मा लावत नाहीत, कारण आतला माल त्यांनी पाहिलाय. ताईही हसायच्या. तेव्हा त्यांना हसू येत असे.

घरात त्या आणि त्यांचा भाऊ, दोघंच. भावंडं तशी तीन. सगळ्यांत मोठा थोरला, मधल्या ताई, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली धाकटी. थोरला वयानेच काय तो थोरला. आईवडिलांच्या मागे त्याचं सगळं ताईंनीच पाहिलं. त्यांच्या लग्नाचा विषय मधूनमधून निघायचा, पण तो असा काही बाजूला सरकत गेला, की नको कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं, हे पुढे कुणालाच आठवेना.

थोरला बोलायचा कमी, आणि बोलायचा ते कामापुरतं. ताटात एका पदार्थाला दुसरा टेकलेला त्याला चालत नसे. नव्या शर्टाच्या कॉलरमागची पट्टी ताई आधी उसवून टाकत, कारण ती त्याला चावायची. ट्यूबलाइटची जी गुणगुण बाकीच्यांच्या कानावरही पडत नाही, तिच्यापायी तो जेवण अर्धं टाकून खोलीबाहेर जाई. पण हात इतका नेटका, की साबणाच्या कारखान्यातली खोकी त्याच्याकडे घडी घालायला येत. सकाळी पुठ्ठ्याचे सपाट तुकडे यायचे, संध्याकाळपर्यंत त्यांची खोकी होऊन भिंतीला लागायची, एकाची कडा दुसऱ्याच्या बाहेर आलेली नाही. काम करताना तो घशातल्या घशात एकच सूर लावून असायचा. तो सूर चालू आहे तोवर घरात सगळं ठीक आहे, असं ताई समजत.

बाहेर मात्र त्याचं कुठे जमत नव्हतं. न्हावी कानाशी कात्री वाजवत गप्पा हाणायचा. थोरला एकदा अर्धं डोकं कापून झाल्यावर उठला आणि गळ्यातल्या कापडासकट घरी आला. तेव्हापासून त्याचे केस ताईच कापू लागल्या. बँकेत रांगेत मागचा माणूस खेटून उभा राहिला म्हणून तो ओरडला, तेव्हा तिथल्या साहेबांनी ताईंना बाजूला घेऊन अगदी गोड शब्दांत सांगितलं, की यापुढे तुम्ही एकट्याच आलात तरी चालेल. नको येऊस असं तोंडावर कुणीच म्हणालं नाही. एकेक जागा आपसूक गळत गेली, इतकंच. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या या सगळ्याला नाव दिलं, ऑटिझम. ताई तो शब्द घरी घेऊन आल्या, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, मग थोरल्याला सांगितला. तो म्हणाला, "बरं." आणि पुढचं खोकं घेतलं. नाव मिळालं, त्या नावानिशी कुठे जाऊन निवांत बसावं, अशी जागा काही मिळाली नाही.

एके दिवशी दुकानातून परतल्यावर ताईंना घर गप्प वाटलं. थोरला टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभा होता. खोकी तशीच पडलेली. दुखतंय का म्हणून विचारलं तर नाही म्हणाला. पण त्याला दुखण्याचा आणि नाहीचा मेळ कधीच नीट घालता येत नसे, हे ताईंना माहीत होतं. रात्री तो जेवला नाही. सकाळी त्या त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेल्या.

तिथला बसायचा हॉल म्हणजे थोरल्यासाठी नुसता छळ होता. भोंग्यातून कर्कश आवाजात एकेक नंबर पुकारला जात होता. कोपऱ्यात टीव्ही चालू, मुलं रडत होती, फरशी घासायचं यंत्र घरघरत पायांमधून फिरत होतं, आणि वर ट्यूबलाइटची रांगच्या रांग. थोरल्याने कानांवर हात ठेवले, मग दोन्ही कोपरांत डोकं दाबलं, मग खाली वाकून तो मोठ्याने तोच घशातला सूर काढू लागला. आजूबाजूच्या लोकांनी खुर्च्या रिकाम्या केल्या. एका बाईने मुलाला पदराआड घेतलं. ताईंनी खिडकीशी जाऊन विचारलं, जरा लवकर घेता येईल का. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, सगळ्यांनाच घाई आहे. मग दारावरचा सुरक्षारक्षक आला. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस होता, आवाजात राग नव्हता. म्हणाला, बाई, लोक तक्रार करतायत, तुम्ही बाहेर थांबा, नंबर आला की मी बोलावतो. बाहेर पायऱ्यांवर येतात न येतात तोच रुग्णवाहिका भोंगा वाजवत आत शिरली. थोरल्याने ताईंच्या हाताला हिसडा दिला आणि घरच्या रस्त्याला लागला. ताई त्याच्यामागे धावल्या.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी ताईंनी विचारलं, आता कसं आहे. तो म्हणाला, "दुखत नाही." आणि खरंच त्याचा चेहरा सैल पडला होता. ताईंना हायसं वाटलं. आत अपेंडिक्स फुटलं होतं. तसं झालं की दुखणं थोडा वेळ थांबतं, हे त्यांना नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला. गाडी करून नेलं, या वेळी कुणी थांबवलं नाही, थेट आत घेतलं, शस्त्रक्रिया केली. पण विष अंगभर गेलं होतं. थोरला परत आला नाही.

ताई रडल्या नाहीत.

धाकटी येऊन राहिली होती. तिने रडून घेतलं, आल्यागेल्याशी बोलून घेतलं, आणि मग रोज संध्याकाळी ती ताईंच्या समोर बसून म्हणू लागली, रड गं एकदा, मोकळी हो. ताई मन लावून प्रयत्न करत. थोरल्याचा शर्ट हातात घेत, वास घेत. शर्ट होता, शर्टाचा वास होता. पलीकडे काही नव्हतं. अंगाचा एखादा भाग बधिर केल्यावर डॉक्टर टोचून विचारतात ना, लागतंय का, तसं त्यांचं झालं होतं. टोचलेलं कळायचं, लागायचं नाही.

साबण कारखान्याचा माणूस खोकी न्यायला आला. त्याला काही माहीत नव्हतं. ताईंनी त्याला दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि उरलेल्या पुठ्ठ्यांची खोकी स्वतः बसून केली. त्यांच्या कडा जुळल्या नाहीत. कारखान्याच्या माणसाने ते पाहिलं, पण खोकी उचलून नेली. मग धाकटी आपल्या घरी परतली, आणि ताई दुकानात जाऊ लागल्या. हात पूर्वीसारखेच चालत होते. फ्रेम तापव, वाकव, कानामागे बोट फिरव. गिऱ्हाइकं म्हणायची, ताई आता बोलत नाहीत. मालक हळू आवाजात त्यांना कारण सांगायचे.

असेच काही महिने गेले असतील. एका दुपारी एक बाई आपल्या लेकीला घेऊन दुकानात आल्या. लेक मोठी, पंचविशीच्या पुढची. तिच्या डोळ्यांना नंबर आहे हे लहानपणीच कळलं होतं, पण चष्मा कधी टिकला नव्हता. या गल्लीतली तीन दुकानं करून त्या आल्या होत्या. आईच्या चेहऱ्यावर आधीच माफी मागितल्याचा भाव होता. ताईंनी तो लगेच ओळखला, कारण तो चेहरा त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं वापरला होता.

लेक दारातून आत आली आणि थबकली. चष्म्याच्या दुकानात चहूकडे आरसे असतात, आणि प्रत्येक कपाटावर पांढरे दिवे, काचा चमकाव्यात म्हणून. ती मागे सरली, हात फडफडवू लागली, आणि म्हणाली, "सगळीकडे मीच आहे." आई तिला दंडाला धरून गयावया करू लागली. एक गिऱ्हाईक हातातली फ्रेम तशीच धरून बघत राहिलं. मालकांनी ताईंकडे पाहिलं, त्या पाहण्यात 'हे लवकर मिटवा' एवढंच होतं.

ताई उठल्या. त्यांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. घरी जे हात वर्षानुवर्षं करत आले होते, तेच ते करू लागले. आधी त्यांनी कपाटांचे दिवे मालवले. मग रेडिओ बंद केला. काचा पुसायची मऊ फडकी असतात, त्यातली मोठी घेऊन आरशांवर टाकली. रस्त्याचा उजेड आणि आवाज आत येत होता म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. आईला सांगितलं, हात सोडा तिचा. स्वतः खाली फरशीवर बसल्या, लेकीपासून चार हात दूर, तिच्याकडे न बघता. काही हलक्या फ्रेमा जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "घाई नाही. हातात घेऊन बघायच्या असतील तर बघ, नाहीतर राहू दे."

हातातली फ्रेम ठेवून ते गिऱ्हाईक शटरखालून वाकून निघून गेलं. मालकांनी कपाळावर हात मारला, पण आवाज न करता.

बराच वेळ काही झालं नाही. मग लेक खाली बसली. तिने एकेक फ्रेम घेतली, दांड्या उघडमीट केल्या, एक ओठांना लावून पाहिली, एक नापसंत म्हणून दूर सरकवली. शेवटी एक उरली. ताईंनी विचारलं, कानामागे माझं बोट लागेल, चालेल का? लेक म्हणाली, "नाही." मग ताईंनी ती फ्रेम आपल्या कानावर ठेवून दाखवली, दांडी कुठे वाकली पाहिजे ते तिलाच बोट फिरवून सांगायला सांगितलं, आणि ती सांगेल तशी वाकवून दिली. तीनदा पेटीत धरावी लागली. चौथ्यांदा लेकीने ती घातली, आणि नंबरच्या काचा बसवण्यापुरतीच काय ती काढली.

जाताना आई रडायला लागली. ताईंचे दोन्ही हात धरून म्हणाली, तुमच्यासारखं माणूस मिळालं नव्हतं आजवर. ताईंना अवघडल्यासारखं झालं. त्यांना त्या बाईबद्दल काही वाटलं नव्हतं, लेकीबद्दलही नाही. आणि न वाटलेल्या गोष्टीचं श्रेय घेणं म्हणजे दुसऱ्याचं सामान चुकून घरी आणण्यासारखं होतं. त्यांनी हात सोडवून घेतले आणि आरशांवरची फडकी काढायला लागल्या.

पण त्या आईने तोंड बंद ठेवलं नाही. तिच्यासारख्या आयांची, बापांची, भावंडांची आपसात ओळख होती. ताईंना कधी वाटलंच नव्हतं की अशी माणसं गावात आणखी असतील. सगळी आपापल्या घरात बसलेली, म्हणून दिसत नव्हती. ती येऊ लागली. कुणी सत्तरीच्या बापासोबत, कुणी बायकोसोबत, कुणी एकटंच. कॉम्प्युटरवर काम करणारा एक माणूस एकटा आला, स्वच्छ शब्दांत म्हणाला की मला ऑटिझम आहे, तुमचे दिवे मालवले तरी मागच्या खोलीतला पंखा टकटक करतोय, तो दुरुस्त करा, मग मी येईन. मालकांना आधी रागच आला. मग त्यांनी जाऊन कान देऊन ऐकलं, तर खरंच टकटकत होता. पंखा दुरुस्त झाला. तो माणूस पुन्हा आला, आणि जाताना डॉक्टरांना सांगून गेला की डोळ्याजवळ यंत्र आणण्याआधी 'आणतोय' म्हणत जा. डॉक्टरांना ते पटलं; तेव्हापासून ते सगळ्यांनाच तसं सांगू लागले.

सगळं गोड झालं असं नाही. एका तरण्याबांड माणसाला चष्म्याची दांडी टोचली आणि त्याने हाताला आलेलं स्टँड भिरकावलं, त्यात एक आरसा गेला. मालक त्या दिवशी भडकले. दुकान चालवतोय का धर्मशाळा, म्हणाले. येतंजातं गिऱ्हाईक अर्धं शटर बघून परत जातंय, हे कुणाच्या जिवावर? ताईंनी काचा झाडून एका खोक्यात भरल्या, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग एक दुपार ठरवा. बुधवारी तसंही कुणी येत नाही."

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बुधवारची दुपार ठरली. शटरवर पाटी लागली, की बुधवारी दुपारी दिवे आणि आवाज कमी असतील, ज्यांना तसं लागतं त्यांनी यावं, इतर कुणी आलं तरी हळू बोलावं. घड्याळवाल्याने विचारलं, या वेळात माझी घड्याळं टोले देतात, ती बंद करू का? ताई म्हणाल्या, करा. त्याने केली. बुधवारी त्याच्याकडे तीनचा टोला पडायचा बंद झाला आणि गल्लीतल्या काही म्हाताऱ्यांची चहाची वेळ चुकू लागली, त्यावरून थोडी कुरबुर झाली, तेवढीच.

लोक ताईंचं कौतुक करू लागले. दुःखातून कसं काहीतरी उभं केलं, म्हणायचे. ताई ऐकून घ्यायच्या. रात्री पडल्या पडल्या त्या स्वतःला चाचपून बघत, की आता तरी काही जाणवतंय का. आणि काही जाणवत नसे. उलट कधीकधी असं मनात यायचं, की दिवे मालवणं इतकं सोपं होतं. एक बटण. त्या विचारालाही धार नसायची. तो यायचा, थांबायचा, जायचा.

मग एक दिवस दवाखान्यातल्या मुख्य सिस्टर चष्मा करायला आल्या. बुधवार होता. त्यांनी अर्धं शटर, झाकलेले आरसे, जमिनीवर बसून फ्रेम निवडणारा एक माणूस, सगळं गुपचूप पाहिलं. आपली पाळी आल्यावर त्या ताईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मी तुम्हाला ओळखते. शेवटच्या दिवशी मीच होते वॉर्डात. ताईंनी मान हलवली आणि त्यांच्या कानामागे बोट फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे या एकदा. तिथल्या लोकांना हे सांगा.

ताई गेल्या. जायचं नाही असं म्हणायला जी इच्छा लागते तीसुद्धा त्यांच्यात नव्हती. लांब टेबलाभोवती डॉक्टर होते, कार्यालयातले लोक होते. ताईंनी हॉलमध्ये त्या सकाळी काय काय झालं ते क्रमाने सांगितलं. नंबर सांगावा तशा आवाजात. एक तरुण डॉक्टर डोळे पुसत होता, आणि ताई त्याच्याकडे कुतूहलाने बघत राहिल्या. काय करावं असं त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माझ्या भावाचं माहीत. प्रत्येकाचं वेगळं असतं. ज्यांचं आहे त्यांनाच बोलवा." मग तो कॉम्प्युटरवाला आला, ती लेक आणि तिची आई आली, आणखी काही जण आले. बरीच बोलाचाली झाली. एक खोली द्यायची की दोन, नंबर भोंग्यावर पुकारायचा की फोनवर कळवायचा, आधी कुणाला आत घ्यायचं. शेवटी हॉलच्या मागे जिथे मोडके स्ट्रेचर ठेवत, ती खोली रिकामी झाली.

खोली तयार झाल्याचं सिस्टरांनी कळवलं तेव्हा ताई बघायला गेल्या. हॉल तसाच होता, फक्त टीव्ही गेला होता. दारावर तोच सुरक्षारक्षक. त्याने ताईंना पाहिलं आणि टोपी काढली. खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. ज्यांना हॉल सोसत नाही अशांना ओळखून, विचारून आत नेऊन बसवायचं, हे आता त्याचं काम होतं. त्याने ताईंना मागच्या बाजूने नेलं. दाराशी थांबून तो म्हणाला,

"बाई, त्या दिवशी मीच तुम्हाला बाहेर काढलं."

"हो."

"मला नंतर कळलं. तेव्हापासून एक दिवस चैन नाही. जेवताना आठवतं. घरी मुलीशी बोलताना आठवतं. तुम्ही मला काहीतरी बोला."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच वाळला होता. गालफडं बसली होती. आणि ताईंना त्याचा हेवा वाटला. थोरल्याचं दुःख या माणसाकडे होतं. ओळख ना देख, एकदा पाहिलेला माणूस, आणि त्याच्यासाठी याचा घास अडत होता. ज्याचं सगळं करण्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं, त्याच्यासाठी त्यांचा एकही घास अडला नव्हता.

"तुम्हाला जे सांगितलं होतं तेच तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या.

"म्हणून काय झालं?" तो म्हणाला.

ताईंनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, "तो खोकी करायचा. साबणाची. कडा अशा जुळायच्या, की बघत राहावं." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं; धाकटीला ते ठाऊकच होतं आणि इतरांनी विचारलं नव्हतं. रक्षक म्हणाला, असं का. मग तो विचारू लागला, बोलायचा का हो, काय आवडायचं, आणि ताई सांगत गेल्या, न्हाव्याचं कापड गळ्यात घालून घरी आल्याचंही सांगितलं. रक्षकाच्या मिशीत हसू आलं आणि ते दिसू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. ताई म्हणाल्या, हसा, हसण्यासारखंच होतं ते.

आत खोलीत एक म्हातारा बाप आणि त्याचा मुलगा होता. मुलगा जमिनीवर आडवा झाला होता, आणि तो तरुण डॉक्टरही गुडघे टेकून खाली बसला होता, पोटाला हात लावण्याआधी काहीतरी विचारत. ताईंनी दारातूनच बघितलं. दुपारचं ऊन थेट मुलाच्या डोळ्यांवर येत होतं. त्या सिस्टरांना एवढंच म्हणाल्या की खिडकीला पडदा हवा, आणि सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच आणा ना बघून.

म्हणून परत येताना त्या कापडाच्या दुकानात शिरल्या. पडद्याचं कापड दाखवा म्हणाल्या. दुकानदाराने ताग्यांवर तागे टाकले. ताई रंग बघेनात, पोत बघेनात. कापडाचं टोक चुरगाळून कानाशी धरत आणि बाजूला ठेवत. रस्त्यावर गाड्या, आत रेडिओ, काही नीट कळेना. दुकानदाराने थोडा वेळ हा प्रकार पाहिला.

"काय बघताय ताई?"

"आवाज होतो का ते."

त्याला काही उलगडा झाला नसावा. पण त्याने हात लांब करून रेडिओ बंद केला आणि नोकराला दार लोटायला सांगितलं. ताईंनी पुढचा तागा ओढला, त्याचं टोक मुठीत चुरगाळलं आणि पुन्हा कानाशी नेलं.